वाचक विचारतात: बॅग भरली, पण निघायचं कधी?

गेल्या अंकात आपण म्हटलं होतं की पावसाआधी घरच्या तयारीबद्दल काय विचारायचं ते विचारा. पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज धरून बरेच प्रश्न आले आणि बहुतेक सगळे रायगडच्या दक्षिणेकडचे, म्हणजे महाड, पोलादपूर, माणगाव, श्रीवर्धन. साहजिक आहे म्हणा, आमच्याकडे पूर आहे, दरड आहे, वादळ आहे, काय नाही ते विचारा. मी काही तज्ज्ञ वगैरे नाही हे आधीच सांगतो. महाड तालुक्यात जन्म काढला, 2005 चं आणि 2021 चं दोन्ही वेळचं पाणी घरात घेतलंय, त्यातून जे शिकलो आणि जाणकारांकडून जे कळलं तेच लिहितोय. नावं सगळ्यांची काढून टाकलीयेत.

प्रश्न: दादा, आमचं घर पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आहे. गेल्या पावसाळ्यानंतर घरामागच्या वरकस जमिनीत एक भेग दिसतेय, हात आत जाईल एवढी. सासरे म्हणतात माती सुकली की भेगा पडायच्याच, आणि गुरं सोडून मी कुठे जाणार नाही. मला रात्री झोप लागत नाही. निघायचं ठरवलं तर नेमकं कधी निघायचं?

उत्तर: ताई, इतक्या पत्रांत निघायचं कधी हे विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच. बाकी सगळ्यांनी बॅगेत काय भरायचं तेच विचारलंय.

आधी भेग बघू. सुकून पडलेल्या भेगा भाताच्या खाचरात बघा कशा असतात, जाळीसारख्या, इकडून तिकडे कशाही गेलेल्या. डोंगर सरकायला लागला की पडणारी भेग वेगळी, ती उताराला आडवी जाते, बऱ्याचदा कोयत्याच्या पात्यासारखी वाकडी, आणि तिची खालची बाजू थोडी खचलेली असते. भेगेच्या दोन्ही बाजूला एकेक खुंटी ठोका, दोन खुंट्यांमधलं अंतर टेपने मोजा आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहा. दर आठ दिवसांनी परत मोजा, पाऊस लागला की रोज सकाळी. अंतर वाढतंय म्हणजे विषय सुकण्याचा नाही, हे मग सासऱ्यांना तुम्ही सांगायची गरज नाही, कॅलेंडरच सांगेल. पाऊस सुरू व्हायच्या आत ती भेग चिकण मातीने ठोकून भरा, वरून प्लास्टिकचा कागद टाका आणि तिच्या वरच्या अंगाला चर खणून पाणी बाजूला काढा. याने डोंगर थांबतो असं नाही हं, पण भेगेत पाणी मुरायचं तेवढं कमी होतं.

दुसरं, ग्रामपंचायतीला आणि तहसीलदारांना लेखी अर्ज द्या, सोबत फोटो, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. आणि कोणी म्हणालं की तुमची वाडी दरडप्रवण यादीत नाही तर निर्धास्त होऊ नका, 2023 च्या 19 जुलैला रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली ती वाडी सुद्धा यादीत नव्हती. तिथे 27 मृतदेह सापडले आणि 57 माणसं सापडलीच नाहीत. वरती जायला फक्त पायवाट, पोकलेन चढवताच येईना, लोकांनी फावड्या-कुदळींनी माती उपसली. आमच्या महाड तालुक्यात 2005 च्या जुलैत दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन अशा गावांवर डोंगर आला, जवळपास दोनशे माणसं गेली, आणि 2021 च्या 22 जुलैला तळीये. माळीण तर अख्खं गाडलं गेलं, 2014 च्या 30 जुलैला, आणि बाहेर कळलं ते एसटीच्या ड्रायव्हरमुळे, नेहमीचं गाव जागेवर दिसेना म्हणून. हे घाबरवायला सांगत नाही, मदत यायला वेळ लागतो आणि पहिले काही तास आपले आपणच असतो एवढंच.

आता कधी निघायचं ते. पाऊस मोजा. त्याला यंत्र लागत नाही. आमच्याकडे रसगुल्ल्याचा रिकामा टिन आहे, त्याचं तोंड आणि बूड सारख्याच मापाचं असतं म्हणून तो चालतो, निमुळता डबा किंवा बादली चालत नाही. पागोळी आणि झाडापासून लांब, उघड्यावर, दगडांमध्ये पक्का बसवायचा आणि आत शाळेची पट्टी बुडवून बघायची. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे 10 मिलिमीटर पाऊस, बस्स. टिन भरायच्या आत आकडा लिहून ओतून द्यायचा. हवामान खातं 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर गेलं की त्याला अतिवृष्टीतली सगळ्यात वरची पायरी म्हणतं, पण त्यांचा आकडा तालुक्याच्या ठिकाणचा आणि तुमच्या डोंगरावरचा पाऊस वेगळा. 2021 च्या त्या 22 जुलैला महाबळेश्वरला एका दिवसात 594 मिलिमीटर झाला आणि पोलादपूर म्हणजे महाबळेश्वरचा पायथाच की.

आम्ही घरी ठरवलेला नियम सांगतो, हा सरकारी नाही आमचा आहे. चार-पाच दिवस पाऊस लागून राहिलाय आणि त्यावर एका दिवसात टिनमध्ये 150 च्या पुढे आकडा गेला आणि पाऊस थांबायचं नाव नाही, तर उजेड असतानाच निघायचं. आणि काही गोष्टी दिसल्या तर आकडा बिकडा बघायचा नाही, लगेच निघायचं: विजेचा खांब किंवा झाडं कलायला लागली, कालपर्यंत लागणारं दार आज चौकटीत अडकतंय, घरामागे नवीन झरा फुटला, वहाळाचं पाणी अचानक लाल गढूळ झालं, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाऊस धो धो पडतोय आणि वहाळाचं पाणी एकदम कमी झालं. वर कुठेतरी तुंबलंय त्याचा अर्थ. डोंगरातून गडगडल्यासारखा किंवा झाडं मोडल्यासारखा आवाज आला तर चपला शोधत बसू नका. आणि पळायचं ते उताराच्या खाली सरळ नाही, बाजूला.

कुणाकडे जायचं ते आत्ता मे महिन्यातच ठरवा, त्या घरी जाऊन तसं बोलून या. ऐनवेळी लोक कशाला निघत नाहीत माहितीये, संकोच. रात्री दहाला चार माणसं घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं. आणि वाटेत वहाळ ओलांडावा लागणार असेल तर ते घर रद्द, दुसरं बघा, कारण तुम्ही निघाल तेव्हा तो वहाळ भरलेलाच असणार.

राहिले सासरे. ताई, गुरांचं आधी करा. ज्या दिवशी आकडा वाढतोय त्या दिवशी सकाळीच गुरं खालच्या वाडीतल्या कुणाच्या गोठ्यात नेऊन बांधा, वैरणीसकट. माझा अनुभव असा आहे की गुरं गेली की म्हातारी माणसं संध्याकाळी आपोआप गुरांमागे जातात, दूध काढायला का होईना. तुम्हाला वाद घालायला नको.

प्रश्न: आम्ही महाडजवळ नदीपासून दोन शेतं सोडून राहतो. इमर्जन्सी बॅगेची पूर्ण यादी छापा प्लीज. ड्राय फ्रूट्स ठेवावेत का?

उत्तर: ठेवा की, पण मुलं जूनमध्येच संपवतील. आमच्याकडे चणे-गूळ असतो, त्याला कोणी हात लावत नाही म्हणून टिकतो.

यादीचं म्हणाल तर पाणी, टॉर्च आणि जास्तीचे सेल, भरलेली पॉवर बँक, रोजच्या औषधांचा आठवड्याचा स्टॉक (बीपी-शुगरवाल्यांनी गोळ्यांच्या चिठ्ठीचा फोटोही), ओआरएसची पाकिटं, थोडी सुट्टी कॅश कारण लाईट गेल्यावर एटीएम पण बंद आणि नेटवर्क गेलं की फोनपे पण बंद, शिट्टी, लहान बाळ असेल तर त्याचं, बायकांचे पॅड, चष्मा, आणि एका कागदावर हाताने लिहिलेले फोन नंबर. हल्ली स्वतःच्या बायकोचा नंबर पाठ नसतो, हसू नका, मला नव्हता. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये टाका आणि ओरिजिनल दोन प्लास्टिक पिशव्यांत एकात एक.

पण नदीकाठी खरं काम बॅगेचं नाही, घराचं आहे. सावित्री महाडला 6 मीटरला इशारा पातळी आणि साडेसहाला धोका पातळी. हे आकडे भिंतीवर लिहा आणि शेजारी हे लिहा की त्या पातळीला आपल्या अंगणात पाणी कुठे असतं, जुन्या माणसांना विचारा, त्यांना पायरी न् पायरी माहिती असते. आणखी एक, भरतीची वेळ. बाणकोटच्या खाडीला भरती असली की नदीचं पाणी उतरायला जागाच नसते, म्हणून अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मोठा पाऊस लागला की जास्त सावध. कोळ्याला विचारा नाहीतर तिथीवरून काढा, तिथीला पाऊण गुणिलं की भरतीची साधारण वेळ येते, म्हणजे अष्टमीला सहा आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास.

पाणी अंगणात आलं की करायची कामं चारच आणि ती याच क्रमाने. मेन स्विच बंद. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलेंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधा, कारण सिलेंडर तरंगतो, 2021 ला आमच्या शेजाऱ्यांचा गेला तो थेट दुसऱ्या आळीत सापडला. गुरांची दावी सोडा, बांधलेलं जनावर बुडतं, सुटलेलं पोहतं. आणि मग माणसं वर किंवा बाहेर. फ्रिज उचलायला जाऊ नका, मी गेलो होतो, कंबर धरली ती अजून बोलते आणि फ्रिज गेला तो गेलाच. त्यापेक्षा तांदूळ, इन्व्हर्टरची बॅटरी आणि मुलांची पुस्तकं आदल्या दिवशीच माळ्यावर टाका. भिजलेला तांदूळ तिसऱ्या दिवशी जो वास मारतो ना, तो घरातून महिना महिना जात नाही.

पाणी उतरताना एक काम, बाहेरगावच्या लोकांना हे माहीत नसतं. पाणी उतरत असतानाच, म्हणजे घोट्याएवढं असतानाच, झाडू घेऊन चिखल ढवळत राहायचं, म्हणजे तो पाण्याबरोबर निघून जातो. एकदा का पाणी गेलं आणि चिखल बसला तर मग फावडं, आणि दोन दिवस ऊन पडलं तर कुदळ. पायात गमबूट हवेतच, जखम असेल तर त्या चिखलात उतरू नका. आणि पुरानंतर दोन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर पॅरासिटामॉल खाऊन घरी बसू नका, डॉक्टरला सांगा की पुराच्या पाण्यात होतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) असू शकतो.

आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. खालचा रस्ता आहे की नाही ते वरून दिसत नाही. 2016 च्या 2 ऑगस्टच्या रात्री सावित्रीचा जुना ब्रिटिशांच्या काळातला पूल गेला, दोन एसट्या त्यात गेल्या, अंधारात मागच्याला पुढचा पूल नाहीये हे कळलंच नाही.

प्रश्न: मी डोंबिवलीत असतो, आई-बाबा श्रीवर्धनजवळच्या गावात दोघंच. निसर्ग वादळात चार दिवस त्यांचा फोन लागला नव्हता. इथून काय करता येईल?

उत्तर: ते चार दिवस अर्ध्या मुंबईने असेच काढलेत दादा. 3 जून 2020, वादळ तुमच्याच पट्ट्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, खांब पडले आणि कित्येक गावांत लाईट यायला आठवडे लागले. फोन लागणार नाही हे धरूनच प्लॅन करायचा.

मे मध्ये जाल तेव्हा दोन दिवस काढा. एक, घरावरचे पत्रे. जे-हुक गंजलेत का बघा, कडेचे पत्रे आधी उडतात आणि एक उडाला की वारा आत शिरून बाकीचे उचलतो, तिथे दुप्पट हुक आणि वरून पट्टी. कौलारू असेल तर कडेच्या ओळी सिमेंटात बसवून घ्या. दोन, घरावर ओणवलेला माड. बाबा तोडू देणार नाहीत मला माहितीये, निदान सुके झाप आणि नारळ उतरवून घ्या. तीन, गावातल्या एका धडधाकट पोराशी बोलून ठेवा की वादळाचा इशारा आला की दोघांना उचलून शाळेत किंवा पक्क्या स्लॅबच्या घरात नेऊन सोडायचं. त्याला त्याचा खर्च द्या, उपकार म्हणून ठेवू नका, उपकार ऐनवेळी आठवत नाहीत.

निरोपाचं असं करा, गावातली दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम असलेली माणसं हेरून ठेवा, आणि आई-बाबांना सांगा की कॉल लागत नसेल तर एसएमएस टाका, कमी नेटवर्कमध्ये कॉलआधी एसएमएस जातो. गाव सोडून बाहेर येणाऱ्या कुणाच्याही हाती चिठ्ठी द्यायची, तो रेंजमध्ये आला की तुम्हाला फोन करेल. निसर्गच्या वेळी कित्येकांना पहिली खबर अशीच मिळाली. जिल्ह्याच्या कंट्रोल रूमचा नंबर 1077, पण तो जिल्ह्यातून लावायचा, बाहेरून लावताना आधी रायगडचा एसटीडी कोड. तातडीला 112.

आणि बाबांना हे नक्की सांगा, वादळ ऐन भरात असताना वारा एकदम पडला तर बाहेर येऊन पत्रे बघायला लागायचं नाही. तो वादळाचा डोळा असू शकतो, थोड्या वेळाने वारा उलट्या दिशेने येतो आणि तेव्हाच माणसं जखमी होतात.

प्रश्न: पुराचं पाणी विहिरीत गेलं तर पाणी कधी प्यायला चालेल? टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती टाकायची? आमच्याकडे अंदाजे मूठभर टाकतात.

उत्तर: मुठीने नाही, हिशोबाने. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले 785, एवढे लिटर पाणी. समजा व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर, तर 28,260 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल धरा, म्हणजे साधारण 140 ग्रॅम. पुराचं पाणी गेलेलं असेल तर आधी जमेल तेवढा उपसा करा, आणि पहिल्या खेपेला दुप्पट. पावडर थेट विहिरीत फेकू नका, बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग बादली भरा, दहा मिनिटं ठेवा, खाली चुना बसेल तो टाकून द्या आणि वरची निवळ बादली दोरीने विहिरीत सोडून वर-खाली हलवा. तास भराने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलवून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची) करून घ्या, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. पाणी गढूळ आहे तोवर ते पुरेसं लागू पडत नाही म्हणून प्यायचं पाणी गाळून, उकळूनच. आणि पोतं उघडं पडलेली जुनी टीसीएल म्हणजे नुसता चुना, तिला वास येतोय का आधी बघा.

प्रश्न: पुरात घरात साप शिरतात, काय करावं?

उत्तर: त्यालाही कोरडी जागाच हवी असते. काठीशिवाय हात घालायचा नाही, उशी-गोधडी झटकल्याशिवाय अंगाखाली घ्यायची नाही. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, मांत्रिक नाही. हात-पाय फळकुटाला बांधून हलू न देता सरळ ग्रामीण रुग्णालय, आणि निघायच्या आधी फोन करून सापाच्या विषावरचं इंजेक्शन आहे का विचारा. अॅम्ब्युलन्सला 108.

प्रश्न: दरवर्षी पावसात धरण फुटलं म्हणून व्हॉट्सअॅपवर मेसेज येतो. खरं खोटं कसं ओळखायचं?

उत्तर: ज्याने पाठवला त्याला फोन करा आणि विचारा तू बघितलंस का. दहापैकी नऊ वेळा तिथेच संपतं. नाही संपलं तर 1077 ला विचारा, तोवर पुढे पाठवू नका. पण दहावी वेळ खरी असते हेही आहे, चिपळूण तालुक्यात तिवऱ्याचं धरण 2 जुलै 2019 ला रात्री खरंच फुटलं. तेव्हा धरणाच्या खालच्या अंगाला राहत असाल तर फोन लागेपर्यंत मुलांना उंचावरच्या घरात नेऊन बसवायला काही पैसे पडत नाहीत, खोटं निघालं तर चहा पिऊन परत या.

प्रश्न: पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर साफ करायचं नाही का? आम्ही दोन दिवस चिखलात बसलो होतो.

उत्तर: बसू नका. साफ करायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसली पाहिजे, घराचा नंबर किंवा दार दिसलं पाहिजे, एखादं माणूस शेजारी उभं करा म्हणजे उंची कळते. जनावर दगावलं असेल तर कानातला बिल्ला दिसेल असा फोटो आणि पशुवैद्यकीय डॉक्टरकडून दाखला, त्याशिवाय पुढे अडतं. पावसाच्या आधीच घराचा आतून-बाहेरून एक व्हिडिओ काढून मुलाच्या फोनवर पाठवून ठेवलात तर आधी काय होतं आणि नंतर काय राहिलं हे दाखवता येतं. आमचं 2021 ला तेच राहून गेलं, पंचनाम्यात शिलाई मशीनच आली नाही, कारण ती तिथे होती हे दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं.

प्रश्न: मी चौथीत आहे. बॅगेत मांजर घ्यायची का?

उत्तर: बॅगेत नको, गुदमरेल. टोपलीत बसव, वरून जुनी साडी घट्ट बांध, आणि आत्ता सुट्टीत तिला रोज थोडा वेळ त्या टोपलीत बसायची सवय लाव. पहिल्या दिवशी ओरबाडेल.